कऱ्हाटीतल्या अकरा चिंचा

१० फेब्रुवारी २०२५
आले एकदाची कऱ्हाटीत! काम मजेचं आहे. ओढ्याकाठच्या अकरा जुनाट चिंचांची पानं तोडायची, पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडायची आणि झाडाझाडाचा डीएनए किती वेगळा ते बघायचं. बियांपासून आलेली झाडं, सख्ख्या बहिणींइतकीही सारखी नसणार. मला चौथा महिना. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून नवरा, सुयोग, जाऊ नको म्हणत होता. हे तरी टिकू दे. घरमालकीण चंद्राबाईंनी पोटाकडे पाहिलं आणि ओंजळभर चिंचा पुढे केल्या. डोहाळेवालीला आणखी काय हवं!

१८ फेब्रुवारी
नवव्या झाडाच्या गाभुळलेल्या चिंचा रोज खाते. आज गरातली शीर ओढली, तर लांबच लांब केस निघाला. भडाभडा ओकले. चंद्राबाई नुसत्या हसल्या.

२४ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतल्या सुकन्याचा चिडून फोन. अकराही नमुन्यांत माणसाचा डीएनए, झाडागणिक वेगळा! हातमोजे घातले नव्हतेस का, म्हणाली. बारा वर्षं हेच करतेय मी! माझा डीएनए वगळायला तिने माझं रक्त मागितलं. पहिल्या रविवारी भेटायला आलेल्या सुयोगनेही पानं तोडली होती, म्हणून त्याचंही.

२ मार्च
विचारल्यावर चंद्राबाईंनी काही लपवलं नाही. इथे बाळंतिणीची वार झाडाच्या बुडाशी पुरतात, एका घराला एक झाड. वार चिंचंला द्यायची, चिंच पोटुशीला, असं म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, नववं आमचं. आमच्यात चाळीस वर्सं पाळणा हलला न्हाय, म्हनून तर तुमाला खाऊ घातली.
घशात बोटं घालून ओकले. दात घासले, हिरड्या फुटेस्तोवर. शी.

५ मार्च
पुन्हा सुकन्याचा फोन. आईच्या रक्तात बाळाचा थोडा डीएनए उतरतो. त्यावरून बाळ सुयोगचं नाही. माझंही नाही. नवव्या झाडात जो माणूस सापडला, तोच—

६ मार्च
सुयोग मला न्यायला निघालाय. चिंचा ओढ्यात फेकल्या. पोटात ढुशा— थांबतच नाहीत.
चंद्राबाई दारात. नवव्याच्या बुडाशी वारेसाठी खड्डा खणून ठेवलाय, म्हणतात. हातात ताटली. सोललेल्या चिंचा. तो वास— किळस येतेय, मेली किळस— आणि तोंडाला पाणी सुट—