दांडा तुझ्या हातातच होता

माय, परवा मी एका बोटीच्या नाकावर लोखंडी दांड्याला लोंबकळले आणि तू आठवलीस. हसू नकोस. बुलढाणा जिल्ह्यात बोट कुठली आली, असं तू म्हणशील, आणि बरोबरच आहे. आपल्याकडे पाणी बघायचं तर विहिरीत वाकून. पण शहरातल्या एका हॉटेलवाल्याने समुद्राकडची कोणाची तरी जुनी मोटारबोट विकत घेतली, ट्रेलरवर घालून मोताळ्याकडच्या धरणावर आणली आणि ती चालवायला तुझा धाकटा ठेवला. तोच, ज्याला तू अंघोळ घालायला लागलीस की अर्ध्या गावाला कळायचं. आता टोपी घालून सुकाणू धरतो. बोट जागेवर राहावी म्हणून तिला नांगर असतो, नांगराला जाड साखळी, आणि ती साखळी सोडायला-ओढायला पुढच्या टोकावर विजेवर चालणारा एक रहाट. तो रहाट बंद पडला म्हणून त्याची जळकी मोटार माझ्या दुकानात नव्या तारेचं वाइंडिंग भरायला आली. मोटार मी भरून दिली. पण मला खोड तुझी. एक नट उघडला की पुढचा उघडल्याशिवाय राहवत नाही.

मोटार बसवायला बोटीवर गेले आणि रहाटही उघडून बघितला. ब्रेकच्या पट्ट्याच्या आतलं लायनर, ज्याच्या घासण्यावर चाक थांबतं ते, काचेसारखं गुळगुळीत झालेलं. पट्टा ज्या चाकावर आवळतो ते एका अंगाने झिजलेलं, वर केसाएवढी चीर. दातेरी चाकात अडकणारा खटका बसल्यासारखा दिसायचा आणि ओढ लागली की उडी मारायचा. मी मालकाला सांगितलं, मोटार तेवढी जिवंत आहे, बाकी मढं आहे, दुरुस्तीच्या नादी लागू नका, रहाट नवाच बसवा. माणूस वाईट नाही. त्याने लगेच मुंबईला सांगून टाकलं. नवा रहाट यायला दिवाळी उलटेल, तोवर बोटीत एकही पाहुणा बसवणार नाही म्हणाला. मला वाटलं, विषय संपला. तुझा लेक मात्र त्या रहाटाकडे कौतुकाने बघत होता. "ताई, हे तं आपली यारीच हाये," तो म्हणाला. "लहान यारी."

यारी! उंद्रीच्या आजूबाजूला किती विहिरी आपल्या यारीने खोदून झाल्या असतील. काठावर तिचा सांगाडा, इंजिन, तारेचा दोर गुंडाळलेला ड्रम. बाबा खाली सुरुंगाने फुटलेले दगड बादलीत भरायचे आणि इंजिन ती वर ओढायचं. पण खाली सोडताना इंजिनाचा उपयोग नाही, तिथे फक्त ब्रेक, आणि ब्रेकच्या दांड्यावर तू. टोळीचा कायदाच होता: ज्याचं माणूस खाली, त्याचाच हात दांड्यावर. परक्याला बिडीची तल्लफ येते, घरच्याला येत नाही. दांड्यावरच्या माणसाशी कोणी बोलायचं नाही, शिंकायचं तरी लांब जाऊन. मी एकदा तुला मागून म्हटलं होतं, भूक लागली. तू मानसुद्धा वळवली नाहीस. बाबा वर आले, काठावर उतरले, तू दांड्याला कडी घातलीस आणि मग माझ्या थोबाडीत अशी दिलीस की भूक पळालीच. "खाली मानूस असला का वरचा मुका," म्हणालीस, आणि लगेच अर्धी भाकर हातावर ठेवलीस. त्या भाकरीवरचा ठेचा मला अजून झोंबतो.

कायदा चांगला होता, माय, पण त्यानेच आपला घात केला. सगळे जण हात कोणाचा आहे ते बघायचे. लायनर कोणी बघायचं नाही. हात घरचा आहे ना, मग झालं.

त्या दिवशीचं लायनर बाबांनी स्वतः बसवलं होतं, ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा कापून. यारीचे मिस्त्री तेच, आणि त्यांच्या कामावर दुसऱ्याने नजर टाकलेली त्यांना खपायची नाही. मी बाभळीखाली धाकट्याला मांडीवर घेऊन बसले आहे. बाबा बादलीत पाय टाकतात, दोर धरतात, मान हलवतात. तू दांडा धरून सावकाश सोडते आहेस. आणि मग मला दिसतं की तू दांड्यावर पालथी पडली आहेस, तुझे दोन्ही पाय जमिनीपासून सुटले आहेत, आणि ड्रम तरीही फिरतो आहे. आधी हळू, मग हळू नाही. तुझ्या तोंडून आवाज नाही. आवाज आला तो खालून.

बाबांची कंबर गेली, जीव राहिला. माणसं धावत आली तेव्हा कोणी विचारायच्या आतच तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "माहा हात सुटला." गावाने ते जे धरलं ते सोडलंच नाही. नळावर बायका म्हणायच्या, सख्ख्या नवऱ्याले सोडलं. बाबा पुढे कित्येक वर्षं बाजेवर होते. पाहुणे आले की म्हणायचे, हिच्या हातात कप देऊ नका, सोडून देते, आणि खो खो हसायचे. आत चुलीपाशी चहा गाळता गाळता तूही हसायचीस. मी उंबऱ्यात बसून तुझं ते हसणं बघायचे आणि मला ते कधी समजलं नाही. मग बाबा गेले, मागोमाग तू, आणि हात सुटल्याची गोष्ट आमच्याकडे राहिली.

तर परवा. रहाट मेलाय हे तुझ्या लेकाला नुसतं सांगून पटेना, म्हणून म्हटलं डोळ्यांनी बघ. नांगर पाण्यात टाकला, साखळीला ओढ बसावी म्हणून त्याला बोट इंजिनाने मागे घ्यायला सांगितलं आणि मी रहाटाच्या ब्रेकचा दांडा दाबला. अंगातलं सगळं बळ लावलं. शेवटी पोटावर पालथी पडले, पाय फळीवरून सुटले. दांडा पार खाली टेकलेला, आणि साखळी चाललीय पाण्यात, बाजेची सुतळी उसवावी तशी, आवाज न करता. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. हात सुटला असता तर दांडा उडाला असता. तो उडून चौकटीवर आपटतो, साऱ्या शिवाराला ऐकू जातं. त्या दिवशी काहीच आपटलं नव्हतं. दांडा तुझ्या हातातच होता, माय. तू त्याच्यावर होतीस.

मी तिथेच बसून रडले. मग तुझा राग आला, इतका की तू समोर असतीस तर भांडले असते. का बोलली नाहीस? खरं तर मला ठाऊक आहे. कमरेखाली मेलेल्या माणसाकडे मिस्त्रीपणाशिवाय उरलं काय होतं, आणि तेही तू कसं काढून घेणार. बाबांना ते कळलं होतं का, हे मात्र मला सांगता येत नाही. ती कपाची थट्टा आठवली की नको तो संशय येतो. तो मी तिथेच ठेवते.

आता ऐक. रब्बीसाठी नहराला पाणी सोडलंय आणि धरण रोज मागे सरकतंय. बोट आहे वरच्या उथळ टोकाला. उद्या ती भिंतीजवळच्या खोल पाण्यात आणली नाही तर चिखलात बसेल. मी म्हटलं, बसू दे, चिखलात बसलेली बोट कोणाला मारत नाही. मालकाने ते तुझ्या लेकावर सोडलं, आणि तो हट्टाला पेटलाय. इंजिन म्हातारं आहे, मध्येच दम टाकतं. भिंतीपाशी दम टाकला तर वारा बोटीला दगडांवर नेणार आणि अडवायला नांगराशिवाय काही नाही. मी साखळीला जोड म्हणून एक जाड दोर बोटीवरच्या खुंटाला बांधून आले आहे, पण तो खुंटही बोटीच्याच वयाचा. एवढं सगळं सांगितल्यावर तो म्हणतो, "तुहा हात दांड्यावर असल्यावर मले कायचं भेव? मायचा हात कच्चा होता. तुहा पक्का हाये."

म्हणून आज सकाळी मी त्याला सांगून टाकलं, तू जन्मभर झाकलेलं. लायनरचं, टायरच्या तुकड्याचं, तुझ्या सुटलेल्या पायांचं. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला, कप बशीत पालथा घातला.

"मेल्या बापाले काऊन नावं ठेवून राह्यली, ताई? मायनं सोताच्या तोंडानं सांगतलं होतं."

आणि उठून धरणावर गेला. किती घट्ट बसवून ठेवलं आहेस ते खोटं. माझ्या लग्नात पितळी घागरीत लपवून तू मला पाना दिला होतास, सासू आठवडाभर बोलत नव्हती. त्या पान्याने मी आजवर गंजलेले किती नट काढले, पण हा एक हलत नाही.

तोच पाना आत्ता या कागदावर ठेवलाय, कारण सकाळपासून वारा सुटलाय आणि दुकानाचा पत्रा वाजतोय. वारा भिंतीकडेच आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एक लिहून ठेवते. उद्या दांड्यावर मीच बसणार आहे, हाताने काही होत नाही हे माहीत असून. त्याला एकट्याला जाऊ देववत नाही. आणि साखळी गेलीच, तर काठावरची माणसं त्याला हट्टी म्हणतील, सांगूनही ऐकलं नाही म्हणतील, आणि ते मला ऐकवणार नाही. काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलंय, माय. माहा हात सुटला.