अखिलाच्या दारचं कोलम

१० जुलै १९९४
पापनाशमहून बसमध्ये ट्रंक मांडीवर घेऊन आले, तरी स्वारी खुशीत! तंजावूरच्या कॉलेजात मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन झाले. व्यवस्थापक वेंकटराव आपल्याच मराठीत बोलले, कॉफी पाजली. अम्माला कळवलं, काळजी नको, आपलं मनुष्य आहे. शेषम्मा आया पहाटे प्रत्येक दारापुढे तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे रांगोळी, घालते. मुली बाजूने पाय टाकतात; कोलम तुडवू नये हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं.

१४ जुलै
शेवटचं दार तेवढं उघडं-बोडकं. शेषम्मा म्हणाली, तिथली नित्या गेली. मेल्या माणसाच्या दारी कोलम घालत नाहीत. वेंकटराव हसले. नित्या कुणाचा तरी हात धरून पळाली, म्हातारीचं काय ऐकता, म्हणाले. मला पटलं.

२२ जुलै
त्याशेजारी अखिला राहते. वर्गावरून आली तर दारचं कोलम बुटांनी फिसकटलेलं, आत कपडे उलथेपालथे, कुलूप मात्र शाबूत. वेंकटराव म्हणतात, पोलीस आले की कॉलेजचं नाव जाईल. पहारेकरी, दिवे, पडकी भिंत, सगळ्याला एकच उत्तर: पुढल्या वर्षी. सांगून सांगून तोंड दुखलं.

२ ऑगस्ट
अखिला तापाने दुपारी खोलीतच होती. बाहेरून कुणी किल्ली फिरवली. आतून कडी होती म्हणून वाचली. पोरगी जेवत नाही. मी तरी किती धीर देऊ? माझंच अवसान गळालंय.

४ ऑगस्ट
अखिलाला अम्माकडे पापनाशमला धाडलं. बस सुटल्यावर जीव भांड्यात पडला. वेंकटरावांनी विचारलं, कुठे पाठवली? गल्लीसकट सांगितलं. त्यांनाही घोर लागला असेल.

५ ऑगस्ट
शेषम्मा रडत आली. काल रावांनी बूट पुसायला दिले, शिवणीत पांढरं पीठ होतं. नित्याच्या वेळीही होतं. भीतीने बोलली नाही.
दुसऱ्या किल्ल्या त्यांच्याच कपाटात — कचेरीला कुलूप — सकाळीच कुठेसे गेलेत —

एसटीडी बूथ. अम्माने फोन उचलला. खुशीत होती. तुझे राव आलेत, कॉफी घेतात, अखिलाला परत न्यायला आलेत. आपलं मनुष्य, पण दारचं कोलम तुडवीत आलं गे, म्हणाली.
मी ओरडले — लाइन तुटली —
पत्ता मीच दिला. मीच —
पुन्हा फिरवला —
लागला. वाजतोय. नुसता वाजतोय. अम्मा, उचल — कुणीच —