यापुढे वर्णन मिळणार नाही

प्रिय महादेवप्पा,

मी साहेबराव गजभारे, वाणिज्य पदवीधर, स्वेच्छानिवृत्त लेखापरीक्षक, राहणार नांदेड, हे पत्र तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार म्हणून लिहीत आहे. रुद्राणी वाचून दाखवीलच. बेटा, तुझे बाबा मध्येच "पुढचं वाच" म्हणाले तरी एकही ओळ गाळू नकोस.

जुन्या मशिदी पाहण्याचा नाद तुझा. चित्रकलेचा मास्तर तू; आयुष्यभर कमानी काढल्यास. मला दगडातले काय कळते? तुझ्या डोळ्यांपुढे धुके आले आणि "तू बघून ये अन् मला लिही" असा हट्ट तू धरलास, म्हणून मी एकटा निघालो. अंदाजाने लिहिणे मला जमत नाही, म्हणून मोजायचा टेप सोबत घेतला. बिलोलीच्या दगडी मशिदीबाहेर तो काढताच समोरचा पानटपरीवाला धावत आला. "साहेब, रुंदीकरणात आमची टपरी जाऊन राहिली का?" मशीद पाहायला आलो आहे, हे त्याला पटेना. "एकटेच? नांदेडाहून? अन् नमाजी बी न्हाई तुमी?" अखेर त्याने मला चहा पाजला आणि शेजाऱ्याला सांगितले, "साहेब खरं बोलून नाही राहिले, म्हंजे टपरी गेलीच." त्या बिचाऱ्याची झोप मी तुझ्यापायी उडवली.

औशाला पोचलो तेव्हा नमाजाची वेळ झालेली. बाहेर उन्हात थांबलो, तर एक वृद्ध गृहस्थ खेकसले, "काय्कू धूप में खडे जी? अंदर बैठो!" मागच्या भिंतीशी बसलो आणि नंतर खांब, कमानी, उंची, सारे नीट टिपून तुला कळवले. त्यावर आभार राहिले बाजूला, रुद्राणीच्या फोनवरून तुझा निरोप: "वखारीची मोजणी करून राहिला का रे? मापं नकोत मला. उजेड कसा येतो ते सांग."

उजेड! त्या एका शब्दासाठी मी पुन्हा औशाची बस धरली, दुपारभर त्याच भिंतीशी बसलो आणि तुला लिहिले की कमानीतून आत शिरताना उजेड कडक असतो, चटईवर पोचेपर्यंत मऊ होतो. लेखापरीक्षणाच्या अहवालात असे वाक्य कोणी लिहिले असते, तर मी ते खोडले असते. तू मात्र ते रुद्राणीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलेस म्हणे.

काल तिचा पुन्हा फोन आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तू परत पुढे ढकललीस. आधी सोयाबीनची काढणी होती, मग अमावास्या आली. आता डॉक्टरांना सांगितलेस, "घाई काय हाय? माझा साहेबराव बघून सांगून राहिला की." म्हणजे माझी पत्रे हीच तुझी सबब! आणखी लांबवल्यास हाती काही उरणार नाही, असे डॉक्टर म्हणाले; ते तू माझ्यापासून लपवलेस. तेव्हा ऐक. गेल्या आठवड्यात मी गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील मोठी मशीद पाहिली. तिच्याविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही, फोनवर सांगणार नाही, रुद्राणीलाही सांगणार नाही. पाहायची असेल तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सोमवारी पहिल्या बसने तुझ्याकडे लातूरला येत आहे. तारीख मी डॉक्टरांशी बोलून पक्की केली आहे. तुला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. डोळ्यांच्या त्या मोफत शिबिरात ऑपरेशननंतर तुझ्या आईची, गौरम्मांची, दृष्टी गेली, तेव्हा त्यांचा हात धरून तूच बसला होतास. म्हणूनच तिथे तू एकटा जाणार नाहीस. एकट्याने जाण्याचा अनुभव मी पुरेसा घेतला आहे. त्यात काही राम नाही.

तुझाच,
साहेबराव गजभारे
नांदेड, १२ नोव्हेंबर २०२५