घड्याळ घरच्या वेळेवर

गुरुजी, कविता शिकवताना तुमची अंगठी टेबलावर वाजायची, तो आवाज मला अजून ऐकू येतो. लघूला हलकेच एक, गुरूला दोन. टक्, टकटक. आम्ही पोरं त्या तालावर बेंबीच्या देठापासून म्हणायचो, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मी बहारीनला निघालो तेव्हा तुम्ही स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलंत. "पोटासाठी जातोयस, जा. पण वेळ घरचीच ठेव." चाळीस वर्षं ठेवली. घड्याळात गावचे साडेदहा, म्हणजे इथले आठ. अडीच तास वजा केले की झालं. सलमाबादच्या गोदामात सगळे चिडवायचे, "क्यों मास्टर, इंडिया में खाना हो गया?" मी हसून काटे पुसायचो.

आज मीना सलमान बंदराकडून जहाजाचा भोंगा ऐकू आला आणि ते बेट आठवलं. गेल्या हिवाळ्यात मुलाने हौसेने बोटीची सहल काढली होती, थेट कॅरिबियन समुद्रात. एका बेटावर जहाज दिवसभर थांबलं. मुलगा आणि सून पाण्यातले मासे बघायला निघाले, मला धक्क्याजवळ सावलीत बसवलं. "बाबा, चारला इथेच भेटू. साडेचारला शिडी उचलतात, कुणासाठी थांबत नाहीत."

मी बसलोही होतो बराच वेळ. मग वाटलं, जरा पाय मोकळे करावेत. गल्लीत लाकडी घरं, पत्र्याची छपरं, परसात नीरफणस, कुंपणाला जास्वंद. आपलंच गाव कुणीतरी उचलून भलत्या समुद्रात ठेवलेलं. पुढच्या वळणावर काय आहे ते मला आधीच कळत होतं, आणि तेच निघत होतं. त्याचं भय वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. तेवढ्यात ऐकू आलं, टक्, टकटक. पायरीवर बसलेली एक म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, जहाजाच्या दिशेने बोट दाखवलं. मी तिला नमस्कार करून पुढे गेलो.

शाळाच होती. एक खोली, पुसलेला फळा, आणि वाऱ्यावर आपटणारं खिडकीचं सुटं फळकूट. आत कुणी नाही. घड्याळात दीड. अडीच वजा केले, अकरा. आपली शाळा अकरालाच भरायची. मी पायरीवर बसतो. सावल्या लांबलेल्या आहेत, ऊन पिवळं पडलंय, हे मला दिसतंय. पण हिशोब बरोबर आहे, तेव्हा सूर्यच चुकत असणार. दोनदा भोंगा होतो. मी हलत नाही.

मुलगा अनवाणी धावत आला, पाय वाळूने भरलेले. "बाबा, इथे काय करताय?"

"थांब जरा. गुरुजी येतायत."

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्या बेटावर साडेनऊ तास वजा करायचे होते, मी सवयीने अडीच केले, एवढंच, असं मी त्याला शिडी चढताना सांगितलं. तो "हो" म्हणाला. परत आल्यावर एकदा जेवताना म्हणाला, "पुन्हा असं झालं तर तुम्हाला दिवसभर फ्लॅटमध्ये एकटं ठेवता येणार नाही. पुण्यात एक चांगली जागा बघून ठेवलीय, तुमच्या वयाची माणसं असतात." तेव्हापासून मी एकटा बाहेर पडत नाही. तसा शब्द दिलाय.

हे तुम्हालाच लिहितोय, कारण एक सांगायचं राहिलं. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी रजेवर आलो होतो. भर मे महिन्यात तुम्ही बंद शाळेच्या पायरीवर बसला होतात, बोट दगडावर वाजवत. पोरं हसत होती. मी हाक मारली नाही, गुरुजी. आंब्याच्या आडोशाने दुसऱ्या वाटेने घरी गेलो. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहवलं तरी.

बेल वाजली म्हणून मध्येच उठलो. मुलाकडे किल्ली असते, आणि या वेळी कुणी येत नाही. दारात खालचा कोल्ड स्टोअरवाला, म्हणजे इथला किराणावाला, रत्नागिरीचा, जो गल्ला सोडून कधी वर चढत नाही.

"काका, सकाळी काउंटरवर विसरलात. दोनदा विचारलंत, शाळा भरली का म्हणून. मी म्हटलं, इथं कुठली शाळा?" त्याच्या तळहातावर तुमचं घड्याळ होतं, चालू. "पोराला फोन लावू का तुमच्या?"

सकाळी मी घराबाहेर पडलो नव्हतो, गुरुजी. निदान आत्तापर्यंत मला तसंच वाटत होतं.