अप्पांचे गुडघे आणि माझे

अप्पा, उद्या सकाळी मी इस्लापूरकडचा डोंगर चढायला निघणार आहे. बचत गटाच्या बायका आहेत, वर महादेवाचं ठाणं आहे, गाडी पायथ्यालाच थांबते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "गुडघ्याला तेल चोळ आन् गप घरी बस." तुमचे जावईही तेच म्हणून राहिले.

तुम्ही जन्मभर उदगीरच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलात. गुडघे आखडले तेव्हा डॉक्टरनं व्यायाम सांगितला, तर त्यालाच झापलंत, "कामाच्या माणसाला कसरत कशाला? सर्कशीत जायचं हाय का?" मग मांडी सुटली, खुर्ची आली. आन् शेवटी आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुम्हाला बसवून माती द्यायची, तर पाय मुडपेनात. काका गरम पाणी ओततात, दोघं गुडघ्यावर भार देतात, कोणीतरी म्हणतं, "जोर लावा, उशीर होतोय." लाकूड मोडल्यागत आवाज झाला. तुम्हाला काय कळणार होतं. ओरडले मी.

म्हणून माझा गुडघा कुरकुरायला लागला तशी मी नांदेड गाठलं. तिथली व्यायाम शिकवणारी पोरगी माझ्या लेकीएवढी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावते, पाय ताठ ठेवून उचलायला लावते, भिंतीला पाठ टेकवून अर्धवटच बसवते. मला कुठला धीर! दुप्पट केलं, गुडघा सुजून भोपळा झाला. ती म्हणाली, "मावशी, जाळ वाढवला की भाकर लवकर भाजती, का करपती?" लई राग आला, पण टॉवेलची गुंडाळी परत गुडघ्याखाली घेतली. पुन्हा पहिल्यापासून, हळू. पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकायचा, गुडघा आत वळू द्यायचा नाही. "चढताना दम जातो, उतरताना गुडघा," ती म्हणते. "भिंत न धरता, न दुखता उतरलात तरच डोंगर."

आज तिच्यासमोर पायऱ्या उतरले. भिंत धरली नाही.

"दुखलं का?"

"न्हाई."

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या पायरीला गुडघ्यात बारीक चमक आली होती. मघापासून फोन हातात घेऊन बसलेय. खरं सांगितलं तर ती नको म्हणेल. तुम्ही ऐकलं नसतं. मी ऐकेन, त्याचीच भीती वाटते.