तात्यांनी चहा मागितला नाही

प्रिय तात्या,

तुम्हाला पत्र लिहावं असं आपलं काही नातं नव्हतं. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात, खिडकीखालच्या खाटेवर तुम्ही पाच दिवस होतात आणि मी तुमची दुपारच्या ड्युटीची सिस्टर. त्याला दहा वर्षं झाली. आज लिहितेय, कारण काल तुमच्या मंडळी, काकी, भेटल्या.

शुगर वाढली म्हणून तुमच्या सुनेनं त्यांना बायकांच्या वॉर्डात दाखल केलंय. मी आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. पेशंटची माहिती कशी घ्यायची हे दाखवायला मुलींना घेऊन नेमकी त्यांच्याच खाटेपाशी गेले. एका मुलीनं वहीतला प्रश्न विचारला, "आजी, घरात कुणाचं ऑपरेशन झालं होतं का?" आणि काकी तुमच्याबद्दल सांगायला लागल्या.

किती मोठ्यानं बोलायचात हो तुम्ही! गगनबावड्याकडचे तुम्ही, पलीकडच्या डोंगरावर चरणाऱ्या म्हशीला हाक मारायची सवय, दुसरं काय. पोटातला अल्सर फुटून ऑपरेशन झालेलं, नाकात नळी, तोंडानं पाण्याचा थेंबही बंद. तरी दुपारचे साडेतीन वाजले की तुमचं सुरू. "ओ शिस्टर, च्या द्या की घोटभर. सलाईनवर म्हस तरी जगंल व्हय?" अख्खा वॉर्ड हसायचा. मी चिडायचे. खरं सांगायचं तर तुम्ही मला डोकेदुखी होतात.

चौथ्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला बरं वाटलं. भरलेल्या वॉर्डात एक पेशंट गप्प झाला तर कुणाला नको असतं?

त्या दुपारी कुरुंदवाडचे तुमचे व्याही आले होते. खाटेभोवती पाच-सहा माणसं, खाटेवर केळ्यांची फणी. मी नाडी बघितली. सकाळपेक्षा बरीच वाढली होती. चार्टवर लिहिली आणि पाहुण्यांच्या गडबडीनं वाढली असेल, असं माझं मीच ठरवून टाकलं. सगळ्यांदेखत विचारलं, "दुखतंय का?" तुम्ही म्हणालात, "न्हाय."

व्याह्यांसमोर कोण हो म्हणणार होतं, तात्या? हे मला कळायला हवं होतं, मी काही परमुलखातली नव्हे. पण तुम्हीही जरा खरं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तुमच्यावर अजून थोडा राग आहे माझा. अर्थात पोटाला हात लावून बघितलं असतं तर तुमच्या बोलण्याची गरजच पडली नसती. मी लावला नाही. 'तक्रार नाही' असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

काकी माझ्यामागून दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, ह्यांनी आज च्या मागितला न्हाय."

मी हसले. म्हटलं, "बरं झालं की. शहाणे झाले म्हणायचे."

आठ वाजता ड्युटी बदलली. दुसऱ्या सिस्टरनं पाहुण्यांना बाहेर काढलं, तुमच्या पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "अगं, डॉक्टरांना बोलव आधी." पोट फळीसारखं कडक झालं होतं. आतले टाके सुटले होते. पुन्हा ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. साडेतीन ते आठ, म्हणजे साडेचार तास. तेवढ्यानं तुम्ही वाचला असतात का? मला माहीत नाही, आणि डॉक्टरांनीही ठामपणे काही सांगितलं नाही. मला कुणी जाब विचारला नाही. चार्ट तर व्यवस्थित भरलेला होता.

मुलींना हा किस्सा मी दरवर्षी सांगते. आधी नातेवाइकांना बाहेर पाठवा, मग विचारा, आणि पेशंट काहीही म्हणाला तरी हात लावून बघा. फक्त 'एका सिस्टरकडून असं झालं' म्हणून सांगते. तेवढी हुशारी आहे माझ्यात.

काल काकींनी मला ओळखलं. मुलीला म्हणाल्या, "ह्याच बाई हुत्या तवा. लई केलं ह्यांनी." मुली माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. तिथून निघून जावंसं वाटलं मला.

मग त्या म्हणाल्या, "चूक माजीच हाय. ह्यांचं कायतरी बिनसलंय, हे मला कळलं हुतं. पर नीट सांगायचं सोडून खुळ्यागत च्याचं सांगत बसले. शिकलेली असते तर बाईस्नी समजंल असं सांगितलं असतं."

दहा वर्षं त्या हे मनात धरून जगल्यात, तात्या. आणि मी काय केलं? मुलीला म्हटलं, "हं, पुढचा प्रश्न विचार." हे लिहितानाही लाज वाटतेय.

त्या दुपारी तुमची खरी तपासणी एकट्या काकींनी केली होती. आमच्यापैकी कुणीही नाही.

उद्या त्यांना घरी सोडणार आहेत. तुम्हाला शब्द देते, त्याआधी मी जाईन. ज्या मुलींसमोर त्यांनी स्वतःला दोष दिला, त्याच मुलींना घेऊन जाईन. सून तिथं असेल तर तिलाही थांबवून घेईन. आणि सगळ्यांदेखत सांगेन : काकी, तुम्ही बरोबर सांगितलं होतं, वेळेवर सांगितलं होतं. ऐकून हसले ती मी.

तुमची,
सुनंदा सिस्टर