मुशीच्या तेलाची मोटार

बाबा, विकायला काढलेल्या मोटारीचे डाग पुसणं ही लबाडी, की नुसता नीटनेटकेपणा? बी. ए. झालेल्या मुलीला एवढं तरी सांगता यावं, पण खरंच येत नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतके दिवस तुमची भाड्याने प्रवासी नेणारी मोटार काकांनी चालवली, पालघर स्टेशनपासून मनोरपर्यंत, त्याच खड्ड्यांतून. आता तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू आहे. तिथं काकांना ड्रायव्हरची नोकरी लागली आणि मोटार अंगणात उभी राहिली. मला मुंबईला बी. टी.साठी प्रवेश मिळाला आहे. मोटार विकली गेली तर वसतिगृहात राहून मी शिक्षिका होईन. नाही तर माझी जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

आईचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं. "रंग मारून घे गो. या खरजुलीला कोन हात लावील?" काका तिच्याच बाजूचे. मी म्हटलं, घेणाऱ्याला ती आहे तशी दिसायला हवी. काका हसले. "तुला बघायला येतील तवा काय मासळीच्या हातांनी भायेर येशील? तोंड धुशील ना? मग हिनं का धुवायचं नाय?" आईच म्हणाली, "ही नाय धुवायची. हिचं काय सांगता!"

तुमची ती करामत आठवते? मी दहा वर्षांची आहे. पाऊस आठवड्यावर आलाय. आजोबांच्या होडीला मुशी माशाचं तेल चोपडून, वर झावळ्या घालून तिला शाकारून झालंय, आणि तुम्ही उरलेल्या तेलाचा डबा घेऊन मोटारीकडे वळता. "लाकडाला चालतं ते लोखंडाला का नाय चालनार? खारा वारा दोघांनाबी खातो." टपापासून चाकांच्या आतपर्यंत तुम्ही तेल लावता आणि होडीसारख्याच तिच्यावरही झावळ्या घालता. पावसाळा सरल्यावर झावळ्या काढल्या, तर सगळा रंग भाजलेल्या पापडासारखा फुगलेला. वास दिवाळीनंतरही गेला नाही. बाजारातून जाताना मोटारीमागे कुत्री लागत. मुंबईचा प्रवासी नाकाला रुमाल लावून बसे, आणि तुम्ही वर त्यालाच विचारायचात, "सर्दी झाली काय, शेठ?" त्यानंतर तुम्ही दर वर्षी तेल लावलंत, पण फक्त खालून. काकांनीही ती रीत मोडली नाही.

एका रविवारी मी ते फोड बूटपॉलिशने काळे करून टाकले. काळी मोटार, कुणाला कळणार! तुम्ही कधी रागावत नव्हतात, त्या दिवशी रागावलात. "झाकलेलं दिसलं का मानूस इचार करतो, आनखी काय काय झाकलंय. पूस ते." रॉकेलचा बोळा घेऊन मी पुसत बसले. ऊन उतरेपर्यंत निम्मंही झालं नव्हतं. मग तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि दुसरा बोळा घेतलात.

ते आठवलं आणि मी रंगाऱ्याला नको म्हणून सांगितलं. उलट टपावरचा एक फोड तळहाताएवढा खरवडून ठेवला. खाली पत्रा कोरा निघाला, गंजाचा ठिपका नाही. मनोरचे एक डॉक्टर गाडी पाहायला आले. त्यांना डोंगरातल्या पाड्यांवर जाण्यासाठी ती हवी होती. मी त्यांना तेलाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यांनी खरवडलेल्या जागेवर अंगठा फिरवला, मोटारीखाली वाकून पाहिलं, नाक जवळ नेलं आणि म्हणाले, "अहो, अजून येतो वास!" आई दाराआडून पुटपुटली, "झालं. गेलं गिऱ्हाईक." पण डॉक्टर हसत होते. "माझे रोगी तापाने फणफणलेले असतात, ते कुठं रंग बघायला बसलेत? पत्रा शाबूत आहे ना, पुरे." गुरुवारी ते मोटार घेऊन गेले.

इथवरच लिहून थांबले असते तर तुम्हाला माझं कौतुक वाटलं असतं. पण डाव्या मडगार्डवरचा तो पोचा. अकरा वर्षांची असताना मी गुपचूप आत बसले, ब्रेकचा दांडा सोडला आणि मोटार उतारावरून जाऊन माडावर आदळली, तो. तुम्ही तो कधी ठोकून घेतला नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचात, "माझ्या पोरीनं पयल्यांदा गाडी चालवली, त्याची निशानी हाय." डॉक्टर येण्याच्या आदल्या दिवशी मी काकांना मोटार बोईसरला पत्रे ठोकणाऱ्याकडे न्यायला लावली. त्याने आतून ठोकून पोचा काढला आणि तेवढ्या भागावर रंग मारला. काकांनी विचारलं, "आता काय झालं तुझ्या 'आहे तशी'ला?" मी म्हटलं, "ते वेगळं." काय वेगळं, बाबा? तुमची चूक सांगताना मला मजा वाटत होती. माझी सांगायची वेळ आली तेव्हा मात्र मला शहाणी, पदवीधर दिसायचं होतं.

आज दुपारी डॉक्टरांना कार्ड लिहिलं. मडगार्डला पोचा होता, तो माझ्या हातून पडला, विकण्याआधी मी तो काढून घेतला; गाडी परत करावीशी वाटली तर जरूर करा. आईला वाचून दाखवलं. ती मासळीची टोपली विसळत होती. "मुंबई ऱ्हायली तर रडू नको," एवढंच म्हणाली, आणि टोपली उपडी ठेवता ठेवता, "तुमी दोघं सारखीच." मला ते ऐकून फार बरं वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून ते वहीतच राहील. कार्ड मात्र स्टेशनजवळच्या पेटीत टाकून आले. टाकल्यावर फटीतून हात आत जातो का, तेही पाहिलं. जात नाही.